वीतभर खोल

"मले लोखंड हुडकाची मशीन पायजे," बाई दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली. "सस्तातली. आन् मले एकटीले उचलता आली पायजे."

वामनराव पिंपळापुऱ्यांनी उघड्या रेडिओतून डोकं वर काढलं. महाल भागातल्या या दुकानात त्यांनी मागे नळाचे पाइप शोधणाऱ्या एका ठेकेदारासाठी असलं यंत्र बनवून दिलं होतं. तेव्हापासून अधूनमधून कोणी चौकशीला येई. बाईमाणूस मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

तिने नाव सांगितलं, सुभद्रा ठवकर. कुहीकडच्या खेड्यातून सकाळच्या एस.टी.ने आली होती.

"शोधायचं काय आहे?"

"सासूच्या हातातले चांदीचे गोठ. सैपाकघरात गाडून ठेवले म्हंते."

वामनरावांना हा विषय आवडे. त्यांनी फळीवरून दोन यंत्रं काढली. एक त्यांच्या हातचं होतं. प्लायवूडवर तारेचं वेटोळं, काठीला बांधलेला ट्रान्झिस्टर. दुसरं कामठीच्या लष्करी भंगारातलं, सुरुंग शोधायचं. त्याची पेटी पाठीवर घ्यायची आणि हेडफोन कानाला लावायचे.

"हे जड हात-सव्वा हात खोलवरचं सांगतं, पण खिळा दिसला तरी ओरडतं. नवशिक्याचं डोकं उठतं. हे हलकं फक्त वीतभर बघतं. सैपाकघराच्या जमिनीला तेवढं पुरे. विलायती यंत्रंही असतात, पण ती तुमच्या कामापेक्षा फार महाग. उगाच कशाला?"

बाईने हलकं यंत्र उचलून पाहिलं, जडही पाहिलं. मग खाली बघत विचारलं, "आन् मानूसभर खोल असंल तं?"

वामनराव हसले. "तेवढं खोल यातलं एकही बघत नाही."

तिचा चेहरा उतरला. तेव्हा कोपऱ्यात चहा पीत बसलेले ताराचंद रामटेके बोलले. दुकानावरच्या खोलीत राहणारा हा माणूस लष्करात सुरुंग काढायच्या कामावर होता. आता तो खाजगी तपासाची कामं घेई.

"बाई, आल्या आल्या तुम्ही लोखंड म्हणालात. नंतर त्याची चांदी झाली. आणि गोठ कोणी माणूसभर खोल पुरत नाही. कोणाला शोधताय?"

'काय' नाही, 'कोणाला'. वामनरावांना तो शब्द टोचला. बाई मात्र स्टुलावर बसली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बोलू लागली.

तिचा नवरा देवाजी बैलबंडीवरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं, धंतोलीच्या दवाखान्यात त्यात पोलादी सळई घातली. पोळ्यानंतर एके दिवशी तो शेतावर गेला तो परतलाच नाही. नवऱ्याचे थोरले चुलत भाऊ चंपतराव यांनी गावात सांगितलं, की देवाजी एका बाईसोबत इतवारी स्टेशनावर दिसला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. गावही तेच बोलू लागलं.

"बाईच्या मागं गेले म्हंतात," सुभद्रा म्हणाली. "पन त्याईची काठी बांधावर पडून होती. काठीबिगर ते अंगनातही जात नव्हते. कोनापाशी बोलू मी? मानूस सडते. ती सळई तं नाई सडत."

ताराचंदांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गोठांचीच गोष्ट चालू ठेवा," ते म्हणाले. "यंत्र आज घेऊ नका. आम्हीच दोन्ही घेऊन येतो. सैपाकघरात फिरवून दाखवणार, एवढंच सगळ्यांना सांगा."

दोघं यंत्रं घेऊन गावात पोचले तेव्हा चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. गावाभोवतीच्या धानाच्या बांधी, म्हणजे भातखाचरं, कापणीनंतर उघड्या पडून भेगाळल्या होत्या. आधी भेटला देवाजीचा धाकटा भाऊ गोविंदा. वाटणीवरून त्याचं देवाजीशी बोलणं बंद होतं. यंत्रं पाहताच तो जवळ आला.

"जडच घ्या. चांदीवर वाजते नं हे?"

"वाजतं. सैपाकघरातच बघायचं आहे."

"गोठ्यातबी पाहा. बुढीनं मरायच्या आंधी कुठं गाडले असतील नेम नाई." बोलता बोलता त्याने पायाने कडबा सारला. कडब्याखाली ताजा खोदलेला खड्डा होता. वामनरावांनी ताराचंदांकडे पाहिलं. ताराचंद मात्र खड्ड्याकडे बघतसुद्धा नव्हते.

दुसरा जयवंता. आधी देवाजीचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी; देवाजी गेला तसा चंपतरावांनी त्याला कामाला ठेवून घेतलं. तो चंपतरावांच्या विहिरीजवळ पाणी उपसायच्या इंजनाला तेल देत होता. सिमेंटच्या ओट्यावर आडव्या लाकडी फळ्या ठोकून त्यांवर इंजन कसंबसं बसवलं होतं. फटफट करताना ते सगळं हालत होतं.

"किती अडाणी बसवलंय हे," वामनराव पुटपुटले. "ओट्यात बोल्टच नाहीत."

"इंजन हिवाळ्यात आलं गा," जयवंता म्हणाला. "ओटा पोळ्यानंतरचा. चंपतराव मालकानं सोताच्या हातानं बांधला. मले म्हने, जा, पोरीच्या घरी जाऊन ये. गरिबावर कोन भरोसा करते? सिमिट चोरीन म्हून धाडलं असंल."

"सुभद्राबाईंच्या गोठांचं ऐकलं का?"

"ऐकलं. सैपाकघरात म्हंते बापा. तिथं फळीचे खिळे, सांडशी, सारंच वाजंल."

चंपतराव ओसरीवर होते. धोतर स्वच्छ, बोलणं मऊ. देवाजी गेल्यापासून सुभद्राची शेती तेच कसत आणि इंजनाचं पाणीही तिला देत. गावात त्यांचं नाव चांगलं होतं.

"बाईमानसाले हलकं बरं," ते म्हणाले. "वीतभर दिसलं म्हंजे झालं. मोठं कायले पायजे?"

"मलाही तेच वाटतं," वामनराव म्हणाले.

"आन् एक सांगतो. आमच्या इंजनापाशी नका नेऊ ते. तिथं सारं लोखंडच हाये. कान फुटतील, मशीन बिघडंल."

"नाही नेणार," ताराचंद म्हणाले. "देवाजीला तुम्ही स्टेशनावर पाहिलं म्हणे?"

"माह्या डोयानं पाहिलं. मीच लाजलो, आवाज नाई देल्ला. सुभद्राले वाईट वाटंल म्हून मोजनीचाबी इषय काढत नाई."

"कसली मोजणी?"

"धुऱ्याची. आमच्या दोघायच्या वावराच्या मधातला बांध. देवाजीले मोजून पायजे होता." त्यांनी हात झटकला. "आता कोन मोजते?"

सैपाकघरात नावापुरतं यंत्र फिरवून परतताना वामनरावांनी आपलं मत सांगून टाकलं. गोविंदा. भांडण होतंच, वर तो ताजा खड्डा. ताराचंदांनी नकारार्थी मान हलवली आणि एस.टी.ऐवजी कुहीच्या पोलीस ठाण्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ सगळे जमले. ठाण्याचे जमादार आणि कुदळी घेतलेले दोन मजूर होते. इंजन बंद होतं. सुभद्रा बाभळीखाली उभी होती.

"यंत्र कुठाय?" जमादारांनी विचारलं.

"एस.टी.त ठेवायला जागा नव्हती," ताराचंद म्हणाले. "आणि लागणारही नव्हतं. यंत्राला काय सापडतं हे मी बघत नव्हतो. लोक त्याला कुठून दूर ठेवतात ते बघत होतो."

चंपतरावांनी धोतराचा सोगा सावरला.

"गोठ सैपाकघरात, असंच सगळ्यांना सांगितलं होतं. गोविंदाने यंत्राला गोठ्यात बोलावलं. चांदीच्या आशेने त्याने आधीच खोदून पाहिलं होतं. ज्याने माणूस पुरला तो यंत्राला आपल्या खड्ड्याशी बोलावत नाही. जयवंता बोलला तो सैपाकघरातल्या खिळ्यांबद्दलच. चंपतराव, यंत्र विहिरीकडे येणारच नव्हतं. तुम्हाला इंजनाची काळजी का पडली?"

"लोखंड हाये म्हून बोललो."

"म्हणूनच. इथे यंत्र वाजलं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं, मग भीती कशाची? आता ओटा पाहा. मिस्त्री इंजनाचं माप घेऊन ओटा बांधतो, बोल्ट आतच बसवतो. इथे बोल्ट नाहीत. वामनरावांना ते अडाणी काम वाटलं. पण माप घ्यायला इंजनच नव्हतं, ते हिवाळ्यात आलं. ओटा पोळ्यानंतरचा. तेव्हा बांधी पाण्याने भरलेल्या असतात. पंपाची गरज कोणाला होती? आणि सालदार घरचा असताना त्याला गावाला धाडून मालकाने स्वतः सिमेंट का कालवलं?"

"पन त्याले मी टेसनावर..."

"काठी बांधावर टाकून? काठीशिवाय तो अंगणातही जात नव्हता, सुभद्राबाईंना विचारा. धुरा तुम्ही नांगरत नांगरत देवाजीच्या वावरात सरकवला असणार. देवाजी मोजणी मागत होता. त्या दिवशी तो धुरा बघायलाच आला असणार. हे शेवटचं मी ताडलंय. बाकीचं ओटा सांगेल."

जमादारांनी खूण केली, मजुरांनी इंजन बाजूला सरकवलं. कुदळीचा पहिला घाव सिमेंटवर बसला.

"मोजनी नको म्हनलो होतो मी त्याले," चंपतराव कोणाकडेही न पाहता म्हणाले. "भाऊच व्हता तो माहा."

जमादारांनी त्यांना बाजूला नेलं.

दुपार कलल्यावर मजुरांच्या हाताला सळई लागली. गंज चढला नव्हता. सुभद्रा रडली नाही. गोविंदा तिच्यापासून थोडा दूर बसून मातीत बोटं फिरवत होता. गावातल्या बायका जवळ आल्या, त्यांना तिने हाताने थांबवलं आणि ती ताराचंदांसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, एक सांगता? लय तडफडले असतील का ते?"

ताराचंदांनी लगेच उत्तर दिलं. "नाही. एकाच घावात गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

तिने डोळे मिटले. मग मान हलवली आणि बायकांकडे गेली. आता कुठे तिचा हुंदका फुटला.

एस.टी. कुहीच्या बाहेर पडली. वामनरावांच्या मनात एक गोष्ट सलत होती. खड्ड्याच्या काठाशी तेही उभे होते. तिथे हाडं होती, चिखल होता, बाकी काही वाचता येण्यासारखं नव्हतं.

"एकाच घावात गेला, हे तुम्हाला कशावरून कळलं?"

ताराचंद खिडकीबाहेर बघत होते.

"कळलं नव्हतंच," ते म्हणाले.