सवतीचे दागिने

समर्थनं खोकं उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. इंजिनात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, जाहिरातीत ‘न वापरलेले’ म्हणून दिलेले. चारही टोकं काळी होती.

“हे वापरलेत. सोलापूरहून उगाच आलो.”

विकणाऱ्या तौफिकनं एकेक इंजेक्टर उजेडात धरून पाहिला. मुरुममधलं त्याचं गॅरेज त्याच्या शब्दावरच चालत होतं. शेजारी त्याचा मित्र सिद्धलिंग तान्ह्या लेकीला घेऊन उभा होता. तिला डोस द्यायला निघालेला हा गृहस्थ सकाळपासून इथंच रेंगाळत होता. हे इंजेक्टर त्यानंही मागितले होते, पण तौफिकनं आधीच समर्थला शब्द दिला होता.

वहिनींना तौफिकची ती लाडकी गाडी डोळ्यांसमोर नको असते, असं सिद्धलिंग हळूच म्हणाला. तौफिकनं दारात उभ्या असलेल्या बायकोकडं संशयानं पाहिलं. फलकला ते फार झोंबलं. ती गाडीला सवत म्हणते आणि तिच्यावर जळते हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. वेगासाठी मागवलेले इंजेक्टर तिनंच भांडून बसवू दिले नव्हते.

तिनं एक टोक अंगठ्यानं पुसलं. काळं लगेच निघालं. तिनं वास घेतला. एरंडेलाचा होता.

“खोकं कुठं होतं?”

“इथंच, टेबलावर.”

“तुमी चहा सांगायला गेलता, तवा इथं कोण होतं?”

“सिद्धलिंग.”

फलकनं सिद्धलिंगच्या लेकीला कडेवर घेतलं. “भाऊजी, पोरीची तीट पुसलीय. काजळाची डबी द्या, लावते.”

“राहू द्या, वहिनी.”

पण पोरीची पिशवी फलकच्या हाताशीच होती; तिनं डबी काढून उघडली. एरंडेलात खललेल्या त्या घरच्या काजळात चार गोल खड्डे पडले होते. फलकनं इंजेक्टरचं टोक एका खड्ड्यावर धरलं. नेमकं बसलं.

“इंजिनात जळलेल्याला पेट्रोलचा वास येतो, एरंडेलाचा न्हाय,” ती म्हणाली. “आन् माझ्या सवतीचे दागिने घरातनं चालले होते, मी कशाला अडवू? सौदा मोडला असता तर भाऊजीच घेणार होते.”

सिद्धलिंगची मान खाली गेली.

“माझ्याकडंबी तसलीच गाडी हाय,” तो तौफिकला म्हणाला. “पण लोक थांबतात ते तुझ्या गाडीपाशी.”

समर्थनं टोकं पुसली आणि खोकं उचललं. फलकनं पोरीच्या गालावर तीट लावून डबी सिद्धलिंगच्या हातात दिली.

“मीबी त्या गाडीवर लई जळते, भाऊजी. पण तोंडावर सांगते.”