नऊ नंबरचा हात

"हातमोजे द्या. कसलेही चालतील."

डाव्या हाताच्या बोटाला फडकं गुंडाळलेला तो काउंटरपाशी उभा होता. मी काकांच्या दुकानात कामगारांचे हातमोजे, चष्मे, हेल्मेटं विकते. 'कसलेही' म्हणणाऱ्याला मी सहजासहजी सोडत नाही.

"काम काय करता?"

"काच कापतो. मागच्या गल्लीत शेड आहे."

"काच ओली असते की कोरडी? आणि आधी काय घालत होतात?"

"मुलाखत आहे का ही?" तो हसला आणि खिशातून चामड्याचे जाडजूड हातमोजे काढले.

"हे वेल्डिंगचे. यात काच बोटांना जाणवतच नाही, म्हणून निसटते..." मी टेप त्याच्या तळहाताभोवती गुंडाळली. हात उबदार होता. आकडा मला दोनदा वाचावा लागला. नऊ नंबर. धारेने सहजी न कापणाऱ्या धाग्याचे, तळव्याला रबराचा थर असलेले हातमोजे मी त्याला दिले.

पुढच्याच आठवड्यात तो परत आला. आईला बागेत काटे टोचतात म्हणे. मी मनगटाच्या वरपर्यंत येणारे चामड्याचे दिले. मग बहिणीला बेकरीच्या भट्टीतले ट्रे काढायला हातमोजे हवे होते. प्रत्येक वेळी मी खोदून विचारायची आणि तो सावकाश उत्तरं द्यायचा, हातमोज्यांकडे न बघता.

"या माणसाचं घराणं भलतंच कष्टाळू दिसतंय," काका म्हणाले.

एका दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडून परतले. अर्धा जबडा बधिर होता.

"तुझा काचवाला येऊन गेला," काका म्हणाले. "काचेवर आम्लाने नक्षी करायचीय त्याला. नेहमीचेच दिले."

काकांना हेल्मेटं कळतात, हातमोजे नाहीत. विणलेला हातमोजा आम्ल स्पंजसारखा शोषून घेतो. आणि काचेवर चालणारं ते आम्ल हाडापर्यंत जातं... दुखायला लागतं तेही उशिरा.

मी धावत सुटले.

शेडमध्ये तो नळाखाली हात धरून उभा होता.

"हात दाखव," असं मला म्हणायचं होतं. बाहेर पडलं, "हाअ आखव."

त्याने चकित होऊन दोन्ही हात पुढे केले. मी एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं. जुने ओरखडे होते. दुसरं काही नव्हतं.

"बाअली?"

त्याने फळीकडे बोट दाखवलं. बाटलीचं सील शाबूत होतं.

"काचेवर खुणा करून हात खडूने भरले होते, ते धूत होतो. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही, सरळ पाकीट हातात ठेवलं. तेव्हाच शंका आली. म्हटलं, तुम्ही आल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही."

मी तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि रडू लागले. त्याने पाणी दिलं, ते अर्धं हनुवटीवरून ओघळलं. मग मी बोबड्या बोलात दाताचं आणि आम्लाचं सगळं समजावलं. त्या आम्लाला चालणारेच जाड, कोपरापर्यंतचे हातमोजे लागतात, तोंडावर ढाल लागते, आणि एवढं करूनही अशा बंद शेडमध्ये ते काम नकोच.

"मग बाटली परत करतो," तो लगेच म्हणाला. "नक्षी वाळूचा मारा करणाऱ्या मशीनवर करून घेऊ."

इतक्या पटकन ऐकेल असं वाटलं नव्हतं. मी डोळे पुसले.

"एक खरं सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "आईची बाग नाहीये."

"आणि बहीण?"

"बहीण आहे. पण ती भट्टीच्या वाटेला जात नाही." जरा थांबून तो म्हणाला, "तुम्हाला बघायला यायचो... दुसरं कारण सुचत नव्हतं. रागावलात?"

मी नकारार्थी मान हलवली. बोलायला गेले, तर शब्द पुन्हा घसरले. तो हसला नाही. दुसरं स्टूल ओढून शेजारी बसला.

"घाई नाही," तो म्हणाला. "जबडा सुटेपर्यंत थांबतो."

ऊन काचांवरून सरकत दारापर्यंत गेलं. मी त्याचा हात हातात घेऊन बसले होते. मग ओठांना मुंग्या आल्या, जीभ नीट वळू लागली... आणि मी त्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं, "मलाही तू आवडतोस."