मामाजींचा घास

अपू दुपारी झोपली की मला घटकाभर मिळतो. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्यात पेन.

मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हृदय मोठं झालं होतं. जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, ही छोटी पांढरी गोळी नाडी मोजूनच द्यायची. ठोके फार मंद असले तर त्या दिवशी द्यायची नाही. अपूचे बाबा मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे सोनाळ्याच्या घरात हे काम माझंच. पायांवर सूज आहे का, हे मात्र मामाजी स्वतःच बघत, आपल्या रुंद अंगठ्यानं पाऊल दाबून, खळगा पडतो का ते. त्यांची नाडी माझ्या बोटांना पाठ झाली होती. दोन ठोके जवळजवळ, मग लांब थांबा, मग एक दांडगा ठोका, कुणी दार वाजवल्यासारखा.

दिवाळीनंतर ते गेले. वरसी होईपर्यंत गेलेल्या माणसाचा रोज घास काढायची आमच्या घरी रीत आहे. सासूबाई पळसाच्या पानावर भाकर-भाजी वाढून परसातल्या ठेंगण्या भिंतीवर ठेवत. कावळा शिवत नसे. संध्याकाळी पान जसंच्या तसं, मुंगीसुद्धा नाही.

मग एक दिवस पान चाटूनपुसून स्वच्छ. सासूबाईंना विचारलं तर हसल्या.

"गोळीबिगर कधी जेवले का वं ते? उरलेल्यातली एक ठेवली."

अपू नुकती धरून उभी राहायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालते. ही एक गोळी लेकराचं काळीज थांबवू शकते, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं आणि पाकीट माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवलं. त्या भांडल्या नाहीत.

"उपाशी राहतीन ते," एवढंच म्हणाल्या.

पान पुन्हा तसंच राहू लागलं. एका सकाळी अपूला अंगावर पाजताना तिचं मनगट सहज माझ्या बोटांत आलं. चिमणीसारखी भुरभुर धावते तिची नाडी. पण तेव्हा दोन ठोके जवळजवळ आले. मग थांबा. मग दार वाजलं.

आधी वाटलं, एखादी गोळी हिला सापडली. पेटी उघडली. पाकिटातली एकही हललेली नव्हती. तशीच एसटीनं तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, तीत काही दोष नव्हता. लेकरू ठणठणीत आहे, तुमचीच झोप होत नसेल, असं ते समजुतीनं म्हणाले. त्यांच्या बोटांखाली नाडी नीट धावत होती. परतीच्या एसटीत माझ्या बोटांखाली ती पुन्हा थांबली. या वेळी जास्त वेळ. अपू माझ्याकडे बघून हसत होती आणि तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

घरी येताच मीच पेटी उघडली. सासूबाईंनी पान वाढून हातात दिलं. मी गोळी त्यावर ठेवली, पान भिंतीवर ठेवलं आणि अपूला मांडीवर घेऊन समोर बसले. मनगट धरून.

ऊन कडक होतं. वारा नव्हता.

कावळा आला नाही.

पानाची एक कड हळूच दबली. मग वर आली.

गोळी नव्हती.

माझ्या बोटांखाली चिमणी भुरभुर धावू लागली.

तेव्हापासून मीच ठेवते. पाकीट संपलं की मामाजींची जुनी चिठ्ठी दाखवून नवं आणते. अपूच्या बाबांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू? लेकरू खेळतंय, हसतंय, मला तेवढं पुरे होतं.

आज सकाळी तिला वाळे घालायला घेतले. ते चढेनात. पाय भरलेत गं माझ्या सोनीचे, असं मी म्हणत होते. सासूबाई कौतुकानं बघायला आल्या आणि त्यांनी तिच्या पायाकडे बोट दाखवलं.

तिच्या पावलावर एक खळगा होता, सूज बघायला कुणी दाबून धरल्यासारखा.

मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. खळगा अंगठ्याहून रुंद होता.