काचेवर राहिलेला कागद

त्या दुपारी जेवण आटोपून सर घराबाहेर पडले ते फक्त झेरॉक्स काढायला. यात भिण्यासारखं काही नव्हतं. पण सरांना भिण्यासाठी कारण कधी लागलंच नाही. पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. कोणती गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे त्यांना चारचौघांपेक्षा चांगलं कळायचं, आणि म्हणूनच त्यांची झोप चारचौघांपेक्षा वाईट होती.

हातात पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याची फाइल होती आणि फाइलीत एकच कागद. त्यांच्या पत्नीच्या झिनचा बारावा अंक.

झिन म्हणजे काय, हे चौदा महिन्यांपूर्वी सरांनाही माहीत नव्हतं. पत्नीने अंथरूण धरलं, पाय कायमचे गेले, तेव्हा निदान बोटं तरी हलती राहावीत म्हणून फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिला हा नाद लावून दिला. एक मोठा कागद घ्यायचा, त्याचे आठ चौकोन पाडायचे, चौकोनांत चित्रं काढायची, मजकूर चिकटवायचा. मग त्याच्या झेरॉक्स काढायच्या, मधोमध एक काप द्यायचा, घडी घालायची, की झालं तळहाताएवढं आठ पानांचं पुस्तक. ना प्रकाशक, ना संपादक. सरांना सुरुवातीला ते पोरखेळ वाटलं. उघड्या कागदावर वरची चार पानं उलटी असायची आणि घडी घातली की सुलटी व्हायची, याचं मात्र त्यांना प्रत्येक वेळी नव्याने नवल वाटे.

तिने झिनचं नाव ठेवलं होतं ‘उशाकडून’. उशीवर डोकं ठेवून जे दिसतं तेवढंच काढायचं. एक अख्खा अंक छताच्या तड्यावर होता. एक दाराच्या मागे लटकणाऱ्या सदऱ्यावर. एक, सर थर्मामीटर उजेडाकडे धरून, मान वाकडी करून कसे वाचतात, त्यावर. तो अंक वाचकांना सगळ्यांत आवडला आणि सरांना अजिबात नाही.

प्रती तीसच. प्रत्येकीवर हाताने आकडा, एकवर तीस म्हणजे तिसांतली पहिली, दोनवर तीस म्हणजे दुसरी, असा. एक नंबरची प्रत घराबाहेर जायची नाही, ती तिच्या उशीखाली. बाकीच्या वाचनालयातल्या एका ट्रेमध्ये. तिथे असली हातची पुस्तकं कोणीही ठेवायचं, कोणीही उचलायचं. कागदाची आतली बाजू कोरी सोडलेली असे. ज्याला वाटेल त्याने घडी उलगडून तिथे उत्तर लिहायचं, पुन्हा घडी घालून ट्रेमध्ये टाकायचं. बाहेरून बघणाऱ्याला आत काही लिहिलंय हे कळायचंसुद्धा नाही. आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी परत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. “प्रती लोकांच्या,” ती म्हणायची, “मूळ आपलं.”

चिकटवताना तिचा हात थरथरायचा. मग सर कागदाचा कोपरा अंगठ्याने दाबून धरायचे. “तुमच्याकडे एवढं एकच काम आहे,” ती म्हणायची, “ते तरी नीट करा.”

बारा अंक करायचे आणि थांबायचं, असं तिने पहिल्याच अंकात लिहून टाकलं होतं. सरांनी तेव्हा लक्ष दिलं नाही. अकरावा झाला तेव्हा त्यांना ते आठवलं. बारावा संपला की ती कशासाठी उठून बसेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. म्हणून तयार झालेला बारावा कागद त्यांनी पंधरा दिवस फाइलीतच ठेवला. आज मशीन बंद आहे. आज ऊन फार. आज दुकानात गर्दी असेल.

शेवटी आज सकाळी ती हसून म्हणाली होती, “अहो, तुम्ही नेताय, की मी उठून जाऊ?”

तर सर दुकानात पोचले. दुकान म्हणजे दोन मशीनं, एक पंखा आणि झेरॉक्सवाल्या बाई. भिंतीवर ठळक अक्षरांत ‘मूळ कागद घेतलात का?’ अशी पाटी, आणि पाटीखालच्या खिळ्याला माणसं विसरून गेलेले कागद टोचलेले. कोणाची गुणपत्रिका, कोणाचा जन्माचा दाखला, कोणाच्या छातीच्या तपासणीचा अहवाल.

“या सर. किती दिवसांनी! बारावा ना? मला वाटलं मिसेसनी दुकान बदललं.”

“तीस प्रती. जरा गडद काढा. मागच्या वेळी पेन्सिल उमटली नव्हती.”

“पेन्सिलीने काढायचं आणि मशीनला बोल लावायचा,” बाई म्हणाल्या. “आमचं मशीन जेवढं दिसतं तेवढंच छापतं हो.”

पंचविसावी प्रत बाहेर येत होती तेव्हा सरांचा फोन वाजला. घरी मेहुणी बसली होती. “भावोजी, झालं का? ताईला जरा... श्वास जड होतोय. तुम्ही या.”

शेवटची प्रत बाहेर पडताच सरांनी तीस कागद उचलले आणि ते निघाले. पळाले म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मूळ कागद काचेवरच राहिला. ते थांबले, एक पाऊल मागे टाकलं, आणि घराकडे धावले.

घरी सगळं ठीक होतं. श्वास सावरला होता. ती उशीला टेकून बसली होती.

“आणलंत?”

“आणलं.”

“आणि मूळ?”

“पिशवीत आहे,” सर म्हणाले.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारातलं हे काही पहिलं खोटं नव्हतं. पण आजवरची सगळी तिने जागच्या जागी पकडली होती. या वेळी तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि नुसतं “बरं” म्हणाली.

मग दिवेलागणीपर्यंत दोघांनी मिळून घड्या घातल्या. सरांनी काप दिले, तिने आकडे घातले. तिसावा आकडा घालून तिने पेनाला टोपण लावलं. “चला. आता इथून बघण्यासारखं काही उरलं नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. उशीखालची एक नंबरची प्रत सरांनी तिच्या हाताशी ठेवली, ती तिच्याबरोबरच गेली.

त्या मधल्या दोन दिवसांत दुकानात जाणं त्यांना जमलं नव्हतं. आठवड्याभराने ते गेले. डब्यात अकराच कागद होते. ते अकरा सरांना मधे दात पडलेल्या तोंडासारखे दिसायचे. निदान तो एक कागद जागेवर पडला, तर ते खोटं खोटं राहणार नाही, उशिरा खरं झालेलं वाक्य होईल, असा काहीसा त्यांचा हिशेब होता.

त्यांनी आधी खिळ्यावरचे कागद पाहिले. त्यात नव्हता.

“काय शोधताय सर?”

“माझा एक कागद राहिला होता. काचेवर.”

“तो ना? तो मिसेस घेऊन गेल्या की.”

सरांनी खिळ्यावरचा हात खाली घेतला.

“त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर तासाभराने. मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला आलात, मी पाठवून दिला असता. पायात चप्पलसुद्धा नाही, नुसते राखाडी मोजे. बसा म्हटलं तर म्हणाल्या, बसून बसून तर कंटाळले.” बाई हसल्या. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, “तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, जिवाला लावून घेतील. आता मीच सांगून बसले. बऱ्या आहेत ना आता?”

“हो,” सर म्हणाले. “आता बरी आहे.”

घरी येताना त्यांनी शक्यता मांडून पाहिल्या. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. दुसरीच कोणी असेल. दुसऱ्या कोणाचा कागद असेल. ही शक्यता चांगली दणदणीत होती. फक्त राखाडी मोजे तिच्या पायांत चौदा महिने होते, आणि तुम्ही गेल्यावर तासाभराने म्हणजे ते दोघं पलंगावर घड्या घालत बसले होते त्या वेळी. सरांनी तो विषय तिथेच मिटवला. निदान तसं त्यांना वाटलं.

महिना गेला. सर दुपारी तिच्या पलंगावर झोपू लागले. रात्री झोप येत नसे, तिथे दुपारी यायची, गाढ, विहिरीत दगड पडावा तशी. उठले की तोंडाला कोरड असायची.

एक दिवस ते वाचनालयात गेले. उरलेल्या प्रती घरी आणाव्यात, उगाच धूळ खात पडायला नकोत, एवढाच हेतू. ट्रेमध्ये इतरांच्या झिन होत्या. एक कबुतरांवर, एक कोणाच्या तरी घटस्फोटावर. ‘उशाकडून’ची एकही उरली नव्हती. तळाशी मात्र त्याच आकाराचं, त्याच घडीचं एक पुस्तक होतं. मुखपृष्ठावर तिच्या अक्षरात, ‘अ’चं पोट जरा फुगीर, तसं लिहिलेलं:

‘अंक तेरावा. पायथ्याकडून.’

सरांनी ते तिथे उघडलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आणलं. मेहुणी कपाट आवरायला आली होती. तिच्यासमोरच त्यांनी पानं उलटली.

दुसऱ्या पानावर पलंगाची पायाकडची फळी. तिसऱ्यावर झोपलेल्या माणसाचे तळवे. चौथ्यावर तोच माणूस, जरा जवळून, पोटावर हात, चष्मा तसाच. पाचव्यावर आणखी जवळून. सहाव्यावर फक्त चेहरा, तोंड किंचित उघडं. सातवं पान पूर्ण काळं. झाकण उघडं राहिलं की झेरॉक्स तशी येते. आठव्यावर नेहमीचं वाक्य, ‘उत्तर आतल्या बाजूला.’ आणि कोपऱ्यात आकडा: दोनवर दोन.

मेहुणीने ती पानं पुन्हा एकदा उलटली. मग म्हणाली, “भावोजी, रागावू नका हं. हे तुम्हीच केलंय.”

“मला सरळ रेघ मारता येत नाही. तुझी बहीण सांगायची सगळ्यांना.”

“झोपेत येत असेल. माणूस दुःखात काय काय करतो.”

सरांना ते पटलं. खरं तर पटल्याने बरं वाटलं. स्वतःवर संशय घेणं त्यांना जन्मभर सोपं गेलं होतं. ते उठले आणि तिची झिनच्या सामानाची पेटी तपासली. कात्री होती. गोंदाची बाटली महिन्याभरात वाळून खडा झाली होती, टोपण फिरेना. मग त्यांनी खुर्चीवर बसून डावा मोजा काढला.

“आता हे काय?”

“आरसा दे जरा.”

चित्रातल्या डाव्या टाचेला तिरपी भेग होती, टोकाशी दुभंगलेली. सरांनी स्वतःची टाच गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती. वाकवत नसे. आरशात भेग दिसली. तिरपी. टोकाशी दुभंगलेली.

मेहुणीला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं. विषय हलका करावा म्हणून ती म्हणाली, “दोनवर दोन म्हणे. म्हणजे दोनच छापल्या. ही दोन नंबरची. मग एक नंबरची कुठे...”

तिची नजर उशीकडे गेली. एक नंबरची कुठे असते, हे घरात दोघांनाही माहीत होतं.

“मी निघते,” ती म्हणाली. “उशीर होईल. भावोजी, आज तुम्ही आमच्याकडेच चला ना.”

“उद्या येतो.”

दार लागलं. दुपारचे साडेतीन झाले होते. लख्ख ऊन पलंगावर पडलं होतं, चादरीची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. सर कितीतरी वेळ उशीकडे बघत उभे राहिले. या उशीवर ते महिनाभर रोज झोपत होते. त्यांनी ती उचलली.

प्रत तिथे होती. एकवर दोन.

सरांनी घडी उलगडली. कागदाची आतली बाजू कोरी नव्हती. वर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, फळ्यावर लिहायचे तसं ठळक:

‘मूळ काचेवर राहिलं. पिशवीत नव्हतं. मी खोटं बोललो.’

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. लिहिल्याचं आठवत नव्हतं. खाली तिचं उत्तर होतं, वाचकांना द्यायची तसंच, एका ओळीचं:

‘डब्यात ठेवलंय. जिवाला लावून घेऊ नका.’

डबा कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. सर जमिनीवर बसले. झाकण घट्ट होतं, नेहमीसारखंच. आत अकरा कागद होते, त्यांवर बारावा, मधोमध दुमड पडलेला, कोणी घाईत हातात धरून आणावा तसा. सरांच्या छातीवरचं काहीतरी महिन्याभराने हललं. ते रडले असते. पण बाराव्याच्या वर आणखी एक कागद होता.

तेराव्या अंकाचं मूळ. वरची चार पानं उलटी. सरांनी कागद फिरवला आणि सातव्या पानावर नजर टाकली. मुळात ते काळं नव्हतं. पेन्सिलीचं काम होतं, अगदी फिकट.

चित्रातल्या माणसाचे डोळे उघडे होते. तो उशीवरून अर्धवट उठला होता आणि हसत होता, समोर बसलेल्या कोणाकडे तरी बघून. उजवा हात त्याने पुढे केला होता, आणि अंगठ्याने एका कागदाचा कोपरा दाबून धरला होता.

सरांनी हातातल्या कागदाचा कोपरा पाहिला. तिथे गोंदात एक ठसा उमटला होता. त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

मग तो उचलायला गेले, तर कागद अंगठ्याबरोबर वर आला. गोंद अजून ओला होता.