पट्टीवरचा थेंब

“जरा या नळीत थुंकाल का?”

तिचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं. प्रयोगशाळेचा फ्रिज दुरुस्त करायला आलेला तो, हातातला पाना तसाच धरून बघत राहिला.

“माझं काही चुकलं का, मॅडम?”

“नाही हो…” ती इतकी दमली होती, की हसूही येईना. “लाळेतलं युरिक आम्ल मोजायचंय. रोज एकाच माणसाची लाळ हवी, आणि इथले सगळे थुंकून थुंकून कंटाळलेत. उपाशी आहात ना?”

“उपाशीच आहे.”

फ्रिज त्याच दिवशी सुरू झाला, पण तो रोज येत राहिला. ती त्याच्या लाळेचा थेंब मोजणीच्या पट्टीवर ठेवायची. पट्टीवर कार्बनच्या नॅनोनळ्या आणि वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा हिरवा थर, युरिक आम्ल लागलं की करंट देणारा. तिची दोन वर्षं त्याच थराने खाल्ली होती. मग दोघं शेजारी बसून पडद्यावरची करंटची रेघ बघायचे.

“आज किती गोड निघालो?”

“मी फक्त आम्ल मोजते.”

“म्हणजे माझ्यातलं आंबटच तेवढं दिसतं तुम्हाला.”

पण दुसऱ्या दिवसापासून आकडा रोज पहिल्या दिवसाच्या दुप्पट येत होता. “थर बिघडलाय, नको त्या गोष्टीलाही करंट देतोय,” तिचे पीएचडीचे गाईड म्हणाले. “शुक्रवारी आकडा जागेवर आला नाही, तर हा थर सोडून दे. नवीन बघू.” नवीन म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी त्याने नळी पुढे केली, आणि तिला वास आला… संत्र्याचा.

“तुम्ही काही खाल्लंत?”

“दोन फोडी. रोज खातो, इथे येताना.”

“उपाशी या म्हटलं होतं ना मी?”

“तोंडाला बरा वास यावा म्हणून…” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही इतक्या जवळ बसता.”

तिच्यात रागवायचंही त्राण नव्हतं. “संत्र्यातलं सी जीवनसत्त्वसुद्धा तसाच करंट देतं. आणि मी थरालाच दोष देत बसले.”

तो उठला, त्याने चुळा भरल्या, आणि तासभर बाहेर जिन्यावर बसून राहिला. मग आत येऊन नळीत थुंकला.

रेघ चढली… वळली… आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यावर येऊन थांबली.

“आला?”

“आला.” तिने टेबलावर डोकं टेकलं.

“मग माझं काम संपलं.” त्याने हत्यारांची पेटी उचलली.

“उद्या नमुना नकोय मला,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “तरी या. नाही आलात, तर… मला करमणार नाही.”

उत्तर ऐकायला ती जागी राहिलीच नाही. त्याने आवाज न करता पेटी खाली ठेवली, आणि शेजारचं स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.