डिसेंबरातला उन्हाळा

पौडच्या स्टँडवर त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की पुण्याची गाडी आधी ऐकू आली आणि मग दिसली. रुहीनं खिडकी धरली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. पुण्यातल्या एका सहल कंपनीसाठी ती देशोदेशींचे डोंगर, समुद्र, ऋतू लिहायची. स्वतः मात्र कोकणाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. आज न्यूझीलंड होतं.

‘डिसेंबरात कडाक्याची थंडी. भरपूर लोकरीचे कपडे घ्या,’ तिनं लिहिलं.

“उकडून मरतील की ओ लोकं!”

तिनं चमकून शेजारी पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, आणि डोळे... ते आधीच हसत होते.

“दुसऱ्याचं असं वाचतात का?”

“चुकलं. पन तितं डिसेंबरात उन्हाळा असतोय. रात्री साडेनवापतुर उजेड.”

“तुम्ही जाऊन आलात वाटतं?”

“चार वर्सं तितंच गाया सांभाळतोय. मी परवेज, फुडं पुण्याच्या वाटंवरल्या भऱ्याचा. सुट्टीवर आलोय. काल हितं मामूंकडं मुक्काम होता.”

रुहीनं ओळ खोडली. गालांवर आलेली लाली मात्र तिला खोडता आली नाही.

मग तिनं विचारत जावं आणि त्यानं सांगत जावं... तिथला पाऊस कसा? “आपल्या ताम्हिणी घाटावानी. ढग डोंगराला अडत्यात. पश्चिमेला धो धो, अलीकडं पिरंगुटासारखं कोरडं.” आणि तळी? “निळी. पन दुधाचा हात लागल्यागत निळी.” रुही त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घेत होती. त्या दिवशी कार्यालयात सगळे म्हणाले, ही पानं वाचून निघावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गाडीला होता. तिसऱ्या दिवशीही.

“मामूंनी फारच आग्रह केलेला दिसतोय,” सहाव्या दिवशी ती म्हणाली.

“मामू?” तो गडबडला. “ते तर... सोमवारीच मुंबईला गेले.”

“म्हणजे तुम्ही भऱ्याहून उलटे पौडला येता? आणि परत याच गाडीनं...?”

“थंडीची हवा चांगली असती सकाळची,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

रुहीला हसू आवरेना.

रविवारी ती स्कूटीवर आणि तो मोटारसायकलवर, असे दोघं मुळशी धरणाच्या पाण्यावर गेले. ऊन कोवळं होतं. समोरचे डोंगर पाण्यात उतरून हलकेच थरथरत होते.

“तितं बी लई सुंदर हाय,” परवेज म्हणाला. “पन कायबी चांगलं दिसलं, की ‘बघ’ म्हनायला शेजारी कुनी नसतं. चार वर्सांत हे कुनाला बोललो न्हाई. तुमाला म्हनावंसं वाटतंय... रोज.”

वाऱ्यानं तिची ओढणी उडाली. तिनं ती सावरली नाही.

“कधी निघताय?”

“आठ तारखेला. रुही... चलाल माझ्यासंगं?”

हवंहवंसं वाटत असतानाच तिला घर आठवलं. अम्मी वारल्यापासून घरात ती आणि अब्बा, दोघंच. गुडघ्यांमुळे अब्बांना आता स्वतःच्या दुकानाची पायरीही जड जायची.

“तो देश मला बघायचाय,” ती हळूच म्हणाली. “तुमच्यासोबतच बघायचाय. पण राहायचं इथेच. अब्बांना सोडून मला नाही यायचं. तुम्हाला वाईट वाटलं तरी... खोटं नाही बोलणार.”

परवेजनं एक खडा उचलला, हातात फिरवला, खाली ठेवून दिला.

“ऑगस्टात करार संपतोय,” तो म्हणाला. “पुढच्यावर सही न्हाई करत. भऱ्यात आमचं रान हाय, गाया कळत्यात मला. पन तवर आठ म्हैने... थांबाल?”

रुहीनं आता ओढणी सावरली.

“अब्बा शुक्रवारी नमाजनंतर घरीच असतात,” ती म्हणाली. “तुमच्या अम्मींना घेऊन या. जायच्या आधी.”

“ह्याच शुक्रवारी येतो, अम्मीला घिऊन,” तो म्हणाला आणि बोटांवर दिवस मोजू लागला. मग रुहीनंच आपला हात त्याच्या हातावर ठेवला.