अर्थ बघा, अर्थ!

सासऱ्यांची मोटारसायकल मला हवी होती, आणि ती मिळवायची तर समुद्रातल्या बेटावरून एक घंटा आणायची होती. मोहिमेचा हेतू एवढा सरळ होता. बाकी सगळं वाकडं झालं.

सासरे जन्मभर दीपगृहाचे रखवालदार. धुकं दाटलं की दिवा कुणाला दिसत नसे, तेव्हा ते पितळी घंटा बडवत बसत. पुढे दीपगृह बंद पडलं, सासरे निवृत्त झाले आणि कार्यालयाने ती घंटा त्यांना भेट म्हणून देऊन टाकली. ती बेटावरून आणायची कुणी, हे सांगायला मात्र कार्यालय विसरलं. सासऱ्यांचे गुडघे तोवर कामातून गेले होते. रोज ते किनाऱ्यावरच्या घराच्या पायरीवर बसून समुद्राकडे कान लावत. कुणी विचारलं तर "वारा ऐकतोय" म्हणत. ते काय ऐकू पाहत होते ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि वाईटही वाटत होतं.

एके दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "ती घंटा जो मला पुन्हा ऐकवेल, गाडी त्याची!"

मी घास तसाच ठेवला. माझी शाळा टेकडीपलीकडे आणि बस लहरी. मुख्याध्यापक रोज फाटकात घड्याळ बघत माझी वाट पाहायचे. मला गाडीची खरी गरज होती. माझ्या साडूंना नव्हती. ते विमा विकतात, त्यांच्या दारात चारचाकी आहे. पण मला हवी म्हटल्यावर त्यांनाही ती हवीशी झाली. जगातल्या प्रत्येक बिघाडावरचा व्हिडिओ त्यांनी पाहिलेला आहे, म्हणून घरात त्यांच्या पाठीमागे त्यांना सर्वज्ञ म्हणतात. समोर कुणी म्हणत नाही, कारण ते खूश होतील.

गाडी एक आणि जावई दोन. तेवढ्यात सासूबाई उठल्या.

"मी येणार. लग्न झाल्यावर त्याच बेटावर संसार मांडलाय मी. वाट मला पाठ आहे. आणि तुम्ही दोघं भांडलात तर सोडवायला कोण?"

अशी आमची तिघांची मोहीम निघाली! ओहोटीला बेटापर्यंत वाळूचा लांबलचक दांडा उघडा पडतो. कडेने खुणेचे लाकडी खांब उभे आहेत. भरती सुरू व्हायच्या आत जाऊन परत यायचं. वाहन सासऱ्यांची तीच मोटारसायकल: जाताना साडूंनी चालवली, येताना मी चालवायची, हा सासूबाईंचा निवाडा. किनाऱ्यावर सासरे दुर्बीण घेऊन बसले.

जाणं निर्वेध झालं. दीपगृहाचं दार गंजून मिटलेलं होतं, ते साडूंनी खांद्याने उघडलं आणि दारासकट आत गेले. घंटा लाकडी तुळईला एका जाड बोल्टने टांगलेली होती. ती बोल्टसकट उतरवून पोत्यात घालेपर्यंत आम्ही दोघंही गार पडलो. पितळ इतकं जड असतं हे भाषाशिक्षकाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सासूबाईंनी एका बंद खोलीच्या उंबऱ्यावर क्षणभर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चला."

परत निघालो. मी पुढे, मध्ये सासूबाई मांडीवर घंटा घेऊन, मागे साडू मागच्या दिव्यावर टेकलेले. दांड्याच्या मध्यावर एक खोलगट भाग होता. जाताना तो कोरडा होता. आता त्यात घोटाभर पाणी होतं. मी गती वाढवली. चाक खड्ड्यात आदळलं! पाणी उसळलं! गाडी उडाली, पलीकडे पडली आणि बंद झाली.

मी बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्! दिवा मिणमिणला आणि विझू लागला. हॉर्न दाबला तर आजारी मांजरासारखं काहीतरी म्हणाला.

"बॅटरी उतरली," साडू खाली उतरत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "काळजी नको! मी जंपर केबल आणलीय."

त्यांनी पिशवीतून दोन जाडजूड वायरी काढल्या, लाल आणि काळी.

"वा! आता काय करायचं?" मी विचारलं.

"दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची."

आम्ही तिघांनी चारही दिशांना पाहिलं. एक खेकडा होता.

"किक मारा मग," सासूबाई म्हणाल्या. पण किक सासऱ्यांच्या गुडघ्यांबरोबरच निवृत्त झाली होती. ती त्यांनी कधीच काढून टाकली होती. मग सासूबाईंना हँडल धरायला सीटवर बसवून आम्ही ढकललं. गाडी गिअरमध्ये टाकली की ओल्या वाळूत चाक फिरायचंच नाही, नुसतं घसटत जायचं. साडू तोंडावर आपटले. मी त्यांना उचलायला गेलो आणि मीही आपटलो. साडूंनी फ्यूज काढून तपासला. तो चांगला होता, म्हणून त्यांनी तो परत बसवला आणि मोठ्या समाधानाने हात झटकले. टक्!

दोन्ही बाजूंनी पाणी सरकत होतं. मघाचा खेकडा कधीच निघून गेला होता. साडूंनी घाईघाईने सासऱ्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा, गाडी चालू होत नाही! नुसतं टक् करते!"

खरखर झाली. मग आवाज आला, "बॅटरी नवी आहे... अर्थ बघा... अर्थ! अर्थ नसेल तर काही उपयोग..."

आणि फोन गेला.

मला भरून आलं. पाणी बुटांना लागलेलं असताना एक वृद्ध माणूस दुर्बिणीतून आपल्या माणसांना पाहतो आहे आणि सांगतो आहे की अर्थ शोधा! मी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला.

"साडूभाऊ, बाबा आपला निरोप घेतायत. ते म्हणतायत, जगण्यात अर्थ नसेल तर गाडी चालू होऊन तरी काय उपयोग?"

साडूंनी जंपर केबल छातीशी धरली. "माझा स्वतःचाच विमा उतरवायचा राहिलाय हो."

"अहो जावईबापू!" सासूबाई कडाडल्या. "अर्थ म्हणजे वायर! बॅटरीची काळी वायर! त्या बेटावर दिव्याचं काही बिघडलं की हे आधी एकच विचारायचे, अर्थ बघितला का? संसाराचा नाही हो, दिव्याचा! तो बघा आधी!"

मी जन्मभर मुलांना शब्दाचे अर्थ सांगत आलो, आणि अर्थाचाच अर्थ मला सासूबाईंनी सांगितला.

आता साडू खरे सर्वज्ञ झाले. त्यांनी सीट उपटली, काळी वायर हातात धरली आणि तिच्या मागोमाग थेट गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेले. तिथे एका बोल्टने ती आवळलेली होती. निदान असायला हवी होती! खाऱ्या हवेने बोल्ट खाऊन टाकला होता, भोवती पांढरी भुकटी जमली होती, आणि वायर नुसती टेकून होती. दिवा मिणमिणायला तेवढं पुरत होतं, स्टार्टरला पुरणार नव्हतं.

"सापडलं!" साडू ओरडले आणि आनंदाने वायर ओढली. बोल्टचे दोन तुकडे झाले आणि पाण्यात गेले.

पाणी आता चाकाच्या निम्म्यावर होतं.

"बोल्ट!" मी ओरडलो. "कुणाकडे बोल्ट आहे?"

सासूबाईंनी टाकीवर टेकवून धरलेल्या पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली. नाही! पण हात मात्र पोतं उघडत होते.

घंटेचा बोल्ट काढला. साडूंनी नेलकटरच्या कानशीने सांगाड्यावरचा गंज खरवडला. बोल्ट छिद्रात घट्ट बसला. वायर आवळली!

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "वाळू मऊ झालीय. तीन माणसं आणि घंटा, चाक रुतणार. घंटा ठेवायची."

"आई, गाडी..." मी म्हणालो. मला शाळेचं फाटक दिसलं, मुख्याध्यापक दिसले. मग पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या सासूबाई दिसल्या, आणि मी घंटा उचलली.

"पाण्यात नाही टाकायची," त्या म्हणाल्या. "खांबाला बांधू. द्या ती केबल."

साडूंची जंपर केबल अखेर उपयोगी पडली! आम्ही दोघांनी घंटा खांबावरच्या खुंटीशी उचलून धरली. सासूबाईंनी लाल-काळ्या वायरींची अशी गाठ मारली की आम्ही दोघं मिळूनही ती सोडवू शकलो नसतो.

बटण दाबलं. धडधड! गाडी गर्जली! आम्ही ओरडलो! आणि सुटलो. पाणी चिरत, घसरत, खांबामागून खांब मागे टाकत किनाऱ्याला लागलो तेव्हा मागे दांडा उरलाच नव्हता.

सासरे काठी टेकत पाण्यापर्यंत आले. आम्हा तिघांना एकेक करून हात लावून पाहिलं. मग रिकाम्या पोत्याकडे पाहत हळूच विचारलं, "काय आणलंत?"

"घंटा!" सासूबाई म्हणाल्या.

हा शब्द माझ्या वर्गातली पोरं अभ्यास झाला का विचारल्यावर ज्या सुरात म्हणतात, अगदी त्याच सुरात त्या म्हणाल्या. त्या सुरात तो म्हणायला मी वर्गात बंदी घातलेली आहे. सासरे हसायला लागले. पण डोळ्यांतली निराशा लपली नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात वारा फिरला. भरतीची लाट मधल्या खांबावरच्या घंटेपर्यंत पोचली असावी.

टण्ण...

सासऱ्यांचं हसू थांबलं.

टण्ण...

ते तसेच उभे राहिले, पाणी पायांवरून जात होतं तरी. सासूबाईंनी त्यांचा हात धरला. आम्ही दोघं जावई उगाचच गाडी पुसत बसलो.

बऱ्याच वेळाने सासरे म्हणाले, "गाठ कुणी मारली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मग ठरलं. ऐकवेल त्याची गाडी. गाडी तुझी."

साडू आणि मी पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहून खूश झालो. दोघांनाही मिळाली नव्हती!

आता रोज सकाळी सासूबाई मला शाळेत सोडतात. गाडी शिकवली मी, पण आता त्या मला मागे बसवतात आणि वळणावर ओरडतात, "धरून बसा!" मुख्याध्यापक त्यांना नमस्कार करतात. मला उशीर होत नाही. भरतीच्या वेळी सासरे पायरीवर बसलेले असतात, आणि आता कुणी विचारलं तर वाऱ्याचं नाव घेत नाहीत.

निघण्यापूर्वी मात्र रोज सासूबाई बटणावर बोट ठेवून मला विचारतात, "गुरुजी, अर्थ आहे ना?"

मी वाकून बोल्ट चाचपतो आणि सांगतो, "आहे, आई."